मथुराकाकूंचा तिसरा सवाल

मथुराकाकू, तुम्हाला जाऊन अजून आठवडाही व्हायचा आहे. आज सकाळी तुमच्या समोरच्या खाटेवरच्या गुरुजींनी नाश्त्याची ताटली हाताने अडवली आणि मला विचारलं, “माल कोणता? कोणी धाडला? कायले?” मी म्हटलं, “गुरुजी, उपमा आहे. स्वयंपाकघरातून कुसुमबाईंनी धाडला आहे. भूक लागते म्हणून.” ते म्हणाले, “मंग दे.” सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, आणि सवयीने तुमच्या खाटेकडे वळून पाहिलं, तर तिथे नुसती गुंडाळलेली गादी. हसू तसंच अर्ध्यावर राहिलं.

तुमचं वय, माहेर, सासर, मागे कोण कोण, हे सगळं तुमच्या मुलाने, मनोहरभाऊंनी, पेपरात दिलं आहे. फोटोही दिलाय, डोक्यावर पदर घेतलेला, तोंड अगदी गप्प. तुम्हाला असं गप्प मी तरी कधी पाहिलं नाही. मला ते काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे आणि त्यातलं माझं एक उत्तर तुम्हाला द्यायचं राहिलं होतं, म्हणून हे लिहिते आहे.

तुम्ही आमच्या शुश्रूषा केंद्रात आलात ती सकाळ आठवते. लकव्याने डावी बाजू गेलेली, दवाखान्यातून सुटी मिळालेली, पण घरी दुकान सांभाळून तुमचं सगळं करणं मनोहरभाऊंना आणि सूनबाईंना जमणारं नव्हतं. देवळी रोडवरचं आमचं केंद्र त्यांना दुकानापासून जवळ पडत होतं. मी गोळी आणि चमचा घेऊन आले आणि म्हटलं, “आजी, तोंड उघडा.” तुम्ही उघडलं नाही. उलट अर्ध्या तोंडाने, शब्द चावत चावत सुनावलंत, “आजी मी माह्या नातवाची. तुही काकू. अन् हे काय हाय?”

“गोळी आहे.”

“दिसते मले. कोणती? कोणी धाडली? कायले?”

माझा पारा चढला. मला समुद्रपूरहून बस धरून यायचं असतं, पहिल्या तासात अख्ख्या वॉर्डाच्या गोळ्या द्यायच्या असतात आणि ही बाई उलटतपासणी घेतेय. मी म्हटलं, “काकू, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.” तुम्ही उजव्या हाताचं बोट नाचवलंत. “हे काई उत्तर नोय पोरी. हे दुसऱ्या सवालाचं उत्तर हाय. तिसऱ्याचं सांग.”

मग कळलं की तुम्ही कासाराच्या घरातल्या. उभा जन्म देवळीच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात गेलेला. बांगड्यांची पेटी ट्रान्सपोर्टमधून आली की ती हमालासमोरच उघडायची, गवत बाजूला सारून तळापर्यंत हात घालायचा, फुटका माल तिथल्या तिथे परत करायचा. “एकदा का हमाल गेला, त फूटतूट तुमची,” असं तुम्ही मला समजावलंत. दुकानात सासऱ्यांनी घालून दिलेला नियम होता तो. पेटी उघडल्याशिवाय घ्यायची नाही. आता दुकानाऐवजी तोंड होतं, एवढाच फरक.

मी त्या सकाळी गोळी हातात धरून तुम्हाला सांगितलं की ही रक्तदाबाची आहे, दाब वाढला तर पुन्हा झटका येऊ शकतो. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “असं सांग नं मंग. घेतो.” आणि निमूट घेतलीत.

पहिले काही दिवस मला तुमचा राग यायचा, हे तुम्हाला माहीतच आहे. मी तोंडावर बोलले होते. आपण दोघीही तिखट. पण तुमच्या तिसऱ्या सवालामुळे वॉर्डाची रीतच बदलली. प्रत्येक खाटेपाशी उभं राहून औषध कोणतं, कोणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी, हे मोठ्याने सांगायचं आणि मगच द्यायचं, असं सुरू झालं. तुमच्या शेजारच्या बाई, ज्या कधी काही विचारत नसत, त्यासुद्धा मान वर करून ऐकायला लागल्या. दर आठवड्याला वर्ध्याहून येणारे आपले डॉक्टर आदेश लिहिताना हसून म्हणायचे, “सिस्टर, काकू विचारतील. कारणही लिहून ठेवतो.” मला त्यांचा आदेश पाळताना तेव्हापासून एक प्रकारचा जोर आला. नुसता हात चालत नव्हता, डोकंही चालत होतं. ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. सांगितली असती तर तुम्ही फुशारून गेला असतात.

तुमच्यासाठीचा सगळ्यात कडक आदेश गिळण्याचा होता. पाणी, चहा, ताक, वरण, काहीही पातळ द्यायचं नाही. पावडर घालून घट्ट करायचं, ताठ बसवायचं, हनुवटी खाली घ्यायला लावायची, एकेक चमचा द्यायचा आणि खाऊन झाल्यावर लगेच आडवं होऊ द्यायचं नाही. तुमचा तिसरा सवाल आला. मी गळ्याला हात लावून दाखवलं की इथे दोन नळ्या असतात, एक अन्नाची आणि एक श्वासाची. गिळताना श्वासाच्या नळीवर झाकण पडतं. लकव्याने तुमचं झाकण उशिरा पडतं आणि पातळ पदार्थ त्याच्या आधीच आत पळतो. तुम्ही थोडा विचार केलात. “म्हणजे शटर अडकलं.” मी म्हटलं, “हो, शटर अडकलंय.” “मंग जाड गिऱ्हाईक पाठवा. ते हळू येते.” त्या दिवशी पहिल्यांदा मी तुमच्यापुढे खळखळून हसले.

पण घट्ट चहा आला आणि तुमचं तोंड कडू झालं. “हा चहा हाय का खळ? याच्यानं पोस्टर चिकटवा भिंतीले.” तुमच्या दुकानात आल्यागेल्याला चहा झाल्याशिवाय बांगडी भरली जात नसे, असं मनोहरभाऊ सांगत. इकडे तर तशीही रीतच आहे की घरच्या माणसाने कप हातात घेतल्याशिवाय पाहुणा घेत नाही. आणि तुमच्याकडे पाहुण्यांची काय कमी! हिंगणीहून तुमच्या नणंद वत्सलाबाई आल्या, तेव्हा कुसुमबाईंनी त्यांच्यासाठी चहा आणला. त्या म्हणाल्या, “वहिनी घेत नाई त मी बी नाई घेत.” तुम्हाला ते कसं सहन होणार? मी पलीकडच्या खाटेवर पट्टी बदलत होते. वत्सलाबाईंनी बशीत चहा ओतला आणि मायेने तुमच्या ओठांना लावला.

ठसक्याचा आवाज ऐकून मी धावले तेव्हा तुमचा चेहरा काळानिळा पडत होता. पुढे ताप, धाप, सलाइन, इंजेक्शनं. वत्सलाबाई बाहेर बाकावर बसून रडत होत्या, “म्या काय विष पाजलं का व बाई, चहाच त पाजला.” खरंच, त्यात वाईट काय होतं? एवढं प्रेमाचं काम कोणाला चुकीचं वाटेल?

तुम्ही त्यातून उठलात. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर नणंदेवर खापर फोडलं असतं किंवा मला बोल लावला असता. तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते असं, “वत्सलाची काई चूक नाई. पेटी म्या नाई उघडली.” त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणाला करताना पाहिलं नाही. पाहुणा आला की तुम्ही स्वतः फर्मान सोडायचात, “कुसुम, दोन चहा. एक पातळ, एक माह्यावाला.” दोन्ही सारख्याच कपांत. मग तुम्ही चांगल्या हाताने चमचा उचलायचात आणि म्हणायचात, “तुमचा पिवाचा, माहा खावाचा. चाला.” आणि तो खळीसारखा चहा अशा ऐटीत खायचात की पाहुण्याला आपलाच कप साधा वाटावा. पाहुणचारही झाला, आदेशही पाळला गेला. कोणी लाडाने “एक घोट घ्या नं मावशी” म्हटलं तर तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात. “थे पोरगी मेहनत करून राह्यली मले जगवाले. तिच्या मेहनतीवर पानी टाकू का?”

काकू, रुग्ण आदेश पाळतात ते बहुतेक भीतीने किंवा नाइलाजाने. तुम्ही तो समजून घेऊन पाळलात, शब्द दिल्यासारखा. कुशीवर वळवणं असो, रबरी चेंडू दाबत बसणं असो, दुखलं तरी तुम्ही अंग चोरलं नाही. शिव्या मात्र दिल्यात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या सरांना तुम्ही काय काय म्हणायचात ते इथे लिहिता येणार नाही.

आणि माझा हात. मी नाडी बघायला मनगट धरलं की तुम्ही माझीच बोटं जुळवून, चांगल्या हाताने सांधे दाबून बांगडीचं माप घ्यायचात. “नाडी तू पाह्य, हात मी पाह्यतो.” ड्युटीवर बांगड्या चालत नाहीत, जंतू राहतात, हे कारण मी तुम्हाला रीतसर सांगितलं होतं आणि तुम्ही ते मान्यही केलं होतं. तरी रोज माप घ्यायचातच. “हाड बारीक हाय, पन हात कडक. हळू भरा लागतीन.” मला त्या दाबण्याची इतकी सवय झाली की आता दुसऱ्या कोणाची नाडी बघताना माझी बोटं आपोआप जुळतात.

आता भांडणाकडे येते.

या हिवाळ्यात तुमचं हृदय थकलं. पायांवर सूज, बोलताना धाप. जेवण दोन घासांवर आलं आणि घट्ट चहाचा कप भरलेला तसाच परत जायला लागला. एका दुपारी तुम्ही मला खाटेवर टेकायला सांगितलंत. “डॉक्टर आले की सांगजो. मले साधा चहा पायजे.”

मी म्हटलं, “काकू, आदेश आहे.”

“त आदेश बदलाले सांग. तू नोको बदलू. ज्यानं लिवला त्याले सांग.”

मला तेव्हा तुमचा इतका राग आला! दोन वर्षं मी तुमच्या घशाची राखण केली होती. एकेक चमचा मोजून मापून, हनुवटीखाली हात धरून. आणि तुम्ही स्वतःहून फाटक उघडायला सांगत होता.

डॉक्टर आले. स्टूल ओढून तुमच्यासमोर बसले. मनोहरभाऊही होते. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. पातळ चहा फुप्फुसात जाऊ शकतो, ताप येऊ शकतो, त्यातून पुन्हा उठणं होणार नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. तुम्ही विचारलंत, “अन् नाई पेला त?” डॉक्टर म्हणाले, “तरी फार दिवस नाहीत, काकू.” तुम्ही मान हलवलीत, एखाद्या पेटीत तळापर्यंत हात घालून माल बघितल्यासारखी. “मंग मले चहा पेवू द्या.”

मनोहरभाऊ कळवळून म्हणाले, “आई, इतके दिवस सांभाळलं नं तू. आता काऊन?” तुम्ही त्यांचा हात धरलात. “बाबू, दुकान वाढवाची वेळ झाली. दुकान वाढवतानी आपन कप हातात घेऊन बसत होतो का नाई ओट्यावर? शेवटलं गिऱ्हाईक गेल्यावर? तसा एक पेवू दे.” मनोहरभाऊ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग तिकडूनच म्हणाले, “पेवू द्या तिले.”

मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, “सर, हे माझ्या हातून होणार नाही.” ते म्हणाले, “सिस्टर, मला हे लिहिणं सोपं वाटतंय का? पण त्या शुद्धीवर आहेत, त्यांना सगळं समजलं आहे, आणि घसा त्यांचा आहे. तुम्ही नीट बसवाल, चमच्याने द्याल, ठसका लागला तर थांबाल. म्हणून तुमच्याच ड्युटीत लिहितोय.” आजवर मी त्यांचे आदेश पाळले ते माणूस वाचवण्यासाठी. हा आदेश कशासाठी पाळायचा, ते मला कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणजे कळून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कप घेऊन तुमच्यापाशी आले. उशा लावून ताठ बसवलं, हनुवटी खाली घेतली. तुमचे डोळे कपावर. तरी सवाल चुकले नाहीत.

“माल कोणता?”

“साधा चहा.”

“कोणी धाडला?”

“डॉक्टरांनी.”

“कायले?”

मी घुश्शातच होते. म्हटलं, “डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.”

“हे काई उत्तर नोय,” तुम्ही म्हणालात. आणि मग तुमच्या चांगल्या बाजूच्या ओठावर हसू आलं. “जाऊ दे. ठंडा होईन. सांगजो कधी.” आणि तोंड उघडलंत. पहिल्यांदाच, तिसऱ्या सवालाचं उत्तर न घेता.

मी एक चमचा दिला. तुमच्या गळ्यावर माझी बोटं होती, घोट खाली सरकला ते मला जाणवलं. तुम्ही डोळे मिटलेत. बारीक ठसका आला, मी थांबले. तुम्ही तळवा दाखवलात, म्हणजे थांब, आहे मी. मग पुन्हा तोंड पुढे केलंत. चार-सहा चमचे झाल्यावर डोळे उघडलेत आणि म्हणालात, “साखर कमी हाय.” मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं, कपाकडे बघत. कुसुमबाईंना निरोप गेला आणि दुसऱ्या दिवसापासून साखर वाढली.

त्यानंतर रोज सकाळी तुम्ही चहा घेत राहिलात. जेवण नाही, पण चहा. मनोहरभाऊ दुकान उघडण्याआधी यायचे आणि आपलाही कप घेऊन खाटेशी बसायचे. तुम्ही दोघं बाजारातल्या जुन्या माणसांबद्दल बोलायचात, कोणाचा हात कसा होता, कोण बांगडी भरताना रडायची. मी कप धरून उभी असायचे. तिसरा सवाल तुम्ही पुन्हा विचारला नाहीत आणि मीही आपणहून उत्तर दिलं नाही. वाटायचं, आज नको, हिला जरा जास्त वाट बघू दे. दोघींचा हट्ट सारखाच.

मग ताप आला. छाती भरली. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत की मोठ्या दवाखान्यात न्यायचं नाही, आणि डॉक्टरांनी तेही लिहून ठेवलं होतं. धाप कमी व्हावी म्हणून जे लिहिलं होतं ते सगळं मी दिलं, प्रत्येक वेळी मोठ्याने सांगून, तुम्ही उत्तर देत नव्हता तरी. दुपारी मनोहरभाऊंचा हात हातात असताना तुम्ही गेलात.

मी डॉक्टरांना विचारलं, “चहानेच का, सर?” ते म्हणाले, “हृदयही तसंच होतं सिस्टर. मला सांगता येणार नाही.” मलाही येणार नाही. तुम्ही ऐकलं असतंत तर अजून काही दिवस असतात, असं कधी वाटतं आणि तुमचा राग येतो. मग तो डोळे मिटलेला चेहरा आठवतो. मनोहरभाऊ सामान न्यायला आले तेव्हा म्हणाले, “सिस्टर, त्या सकाळच्या चहाले आई माह्याशी जेवढी बोलली, तेवढी दुकानात उभ्या जन्मात नाई बोलली.” मी तुमची चमचावाटी धुऊन त्यांच्या पिशवीत ठेवली.

आमच्याकडे आदेश कोणीतरी बंद करेपर्यंत चालूच असतो. तुम्ही गेलात त्या गडबडीत स्वयंपाकघरात कळवायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमबाई नेहमीप्रमाणे तुमचा कप टेबलावर ठेवून गेल्या. वाफ येत होती. मी तो उचलला आणि परत न्यायला वळले. पण पाय पुढे निघेनात. मी तुमच्या खाटेपाशी गेले. गुरुजी समोरून बघत होते. इतर जणही.

मी रोजच्यासारखं मोठ्याने सांगितलं, “साधा चहा. डॉक्टरांनी धाडला. तुम्हाला आवडतो म्हणून, काकू.”

मग तुमच्या खाटेच्या कडेवर बसून मी तो प्यायले. साखर बरोबर होती.